घर दाखवायचं, कापूस नाही

मी सातवीत होते त्या वर्षी आमच्या घरात कापूस राहत होता आणि उरलेल्या जागेत आम्ही. तेलंगणात, तलमडुगूच्या बाजूला आमचं गाव. घर तीन खोल्यांचं, एकामागे एक: पुढची खोली, माजघर, सैपाकघर. माजघर आढ्यापर्यंत कापसानं भरलेलं, कारण भाव पडले होते आणि होळीच्या आधी विकणार नाही हा बाबांचा हट्ट. त्याच हिवाळ्यात त्यांनी घरही विकायला काढलं.

घर विकायचं कारण मी होते. गावातली मराठी शाळा सातवीपर्यंत, आठवीला आदिलाबाद. बाबांनी सांगून टाकलं की दोन चुली परवडत नाहीत. जूनच्या आत घर विकलं गेलं तर शेत बटईनं देऊन सगळेच शहरात जाऊ, नाही तर पोरीची शाळा झाली तेवढी पुष्कळ. दुसऱ्या दिवशी आईनं पांढरी माती भिजवली आणि सगळ्या भिंती पोतारून काढल्या. त्या घरावर तिचा फार जीव होता, आणि ती ते माझ्यासाठी नटवत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिलं गिऱ्हाईक मुधोळचं, भाजीवाला. त्यानं माजघराच्या दारातून कापूस पाहिला आणि विचारलं, याच्या मागं काय आहे? बाबा म्हणाले, भिंत. तो म्हणाला, भिंत फाटली असेल, म्हणून तर कापूस लावला. आणि गेला. आमची भिंत धडधाकट होती. बाबांना हे इतकं लागलं की त्यांनी ठरवलं, यापुढे प्रत्येक खोली रिकामी दाखवायची. शेजाऱ्यांकडे कापूस ठेवा म्हटलं तर बाबा ऐकेनात. दुसऱ्याच्या घरात कापूस हलका होतो, हे त्यांचं जुनं म्हणणं.

मग त्यांनी एक युक्ती काढली. पाहुण्याला पुढच्या खोलीत चहा द्यायचा, ही खोली नीट पाहून घ्या म्हणायचं, आणि बाहेरूनच बोळातून मागच्या विहिरीवर न्यायचं. तेवढ्यात आई, काकू आणि मी माजघरातला कापूस लुगड्यांत बांधून पुढच्या खोलीत ओतायचो. पाहुणा मागच्या दारानं सैपाकघरात शिरून माजघरात येईपर्यंत ते रिकामं. आम्हाला वेळ मिळावा म्हणून बाबा विहिरीत मुद्दाम बादली सोडायचे आणि गळ टाकून ती शोधत बसायचे. एकदा पाहुण्यानंच ती पहिल्या झटक्याला काढून दिली, तेव्हा बाबांनी परत सोडली.

आमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. चहात कापूस, देवांवर कापूस. एकदा ओतलेल्या गाठोड्यातून कोंबडीचं अंडं निघालं आणि काकूनं ते गिऱ्हाईक जाईपर्यंत कमरेला खोचून ठेवलं. घर मात्र कोणी घेईना. विहीर फार दाखवता, म्हणाला एकजण, पाण्यात काही दोष आहे का?

मार्चात मंचेरियलहून एकजण आला, खाणीतून रिटायर झालेला. सोबत त्याचा म्हातारा सासरा. चहा झाला, बाबा जावयाला घेऊन विहिरीवर गेले. सासरा उठलाच नाही. गुडघे दुखत होते, तो बाजेवर बसून राहिला.

आई पहिलं गाठोडं घेऊन दारात आली आणि तिला तो दिसला. परक्या पुरुषाशी ती बोलत नसे. उठा म्हणणं तर शक्यच नव्हतं. मागं काकू दुसरं गाठोडं घेऊन उभी, विहिरीवर बादली पडल्याचा आवाज झालेला. आईनं पदर पुढे ओढला आणि म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला कापूस ओतला. काकूनं उजव्या बाजूला. म्हाताऱ्यानं पाय वर घेतले. पाहुण्यानं यजमानाच्या घरच्या रीतीत बोलू नये, असं त्याला वाटलं असावं. आम्ही ओतत राहिलो. शेवटी तो छातीपर्यंत कापसात बसला होता आणि हातातली कपबशी उंच धरून होता. मी जाऊन ती घेतली.

तेव्हा त्यानं आईकडे न पाहता विचारलं, "अम्मा, इस कमरे में कितना बैठता है?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. मी खरं ते सांगून टाकलं, माजघरातला सगळा मावतो, वर हातभर जागा उरते. त्यानं बाजूचा मूठभर कापूस उचलला, बोटांनी ओढून पाहिला, आणि मला बाबांना बोलवायला पाठवलं.

म्हातारा आदिलाबादला कापसाची खरेदी करायचा. इकडच्या बाजूला माल ठेवायला त्याला जागा हवीच होती, आणि एवढ्या झटपट भरणारं घर त्यानं पाहिलं नव्हतं. जावयाला घर पसंत होतं की नव्हतं, कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्यानं घर घेतलं, कापूसही घेतला, आणि म्हणाला, आहे तिथंच राहू द्या. इतके दिवस जो आम्ही लपवत होतो, तो शेवटी हक्कानं घरात राहिला.

निघायच्या दिवशी म्हातारा माणसं आणि आणखी कापूस घेऊन आला. आई तोवर सैपाकघरात चूल सारवत होती, उगाचच. तिनं म्हाताऱ्याला पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं, "सैपाकघरातबी भरसान का?" तो ओशाळून हो म्हणाला. आईनं पोतेरं धुवून विहिरीच्या काठावर वाळत घातलं आणि निघाली. मला शाळा मिळाल्याचा आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाज वाटत होती.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. मग माझ्या वेणीतला कापूस काढता काढता म्हणाली, "आता नापास होजो नको माय. वापस यायला जागा नाही, समदीकडं कापूस हाय."

सहामाहीत मी तेलुगूत नापास झाले. तिला अजून सांगितलेलं नाही.