बुरखा राहील, बर्नर जातील

मुलींच्या कॉलेजात मी हिशेबनीस आहे. रसायनशास्त्राच्या बाईंना इथे सगळे आपा म्हणतात, वयाने मोठा असून मीही. लग्नानंतर त्यांनी एम.एस्सी. केलं, तेव्हा सासूबाई पाहुण्यांना सांगत, "सून शिवण शिकायला जाते." शिवणाने बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग कसे पडतात, हे पाहुण्यांनी कधी विचारलं नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीसमोर सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. तिथून कुणी बघेल म्हणून मुली प्रयोगही बुरख्यातच करायच्या. एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलीची सैल बाही बर्नरवर पेटली. आपांनी ओलं फडकं दाबून विझवली आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला: प्रयोगापुरता बुरखा काढू द्या.

कॉलेजच्या समितीत सगळे पुरुष. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक. बाईमाणसाला बैठकीत बसवणं बरं दिसत नाही, म्हणून आपा व्हरांड्यात आणि दार बोटभर उघडं. आयुष्यात कधी बुरखा न घातलेल्या मंडळींनी त्यावर चहा संपेपर्यंत अधिकारवाणीने चर्चा केली.

"बुरखा राहील," अध्यक्ष म्हणाले, "बर्नर कपाटात जातील."

"आणि प्रयोग?" फटीतून आवाज आला.

"तोंडी सांगा की! मुलींना कुठे कारखाने काढायचेत?"

"प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलीय. सगळ्या नापास होतील."

"त्यांचं नशीब."

 फट म्हणाली, "ठीक आहे साहेब. पण पडदा अर्धवट कशाला? खिडकीला जाड पडदा, दाराला आतून कडी आणि मुली आत असताना कुठल्याही पुरुषाला प्रवेश नाही, हेही ठरावात घ्या."

"वा! याला म्हणतात घरंदाज बाई!" अध्यक्षांनी झोकात सही केली.

सोमवारी व्हरांड्यात गॅसचा वास आला. अध्यक्ष मला घेऊन तरातरा दारापाशी गेले.

"आपा, बर्नर पेटवलेत?"

"हो. बुरखे खुंटीला आहेत. दार उघडू?"

अध्यक्ष असे मागे सरले की माझा पाय चेंगरला. "तुम्ही बघा आत जाऊन!"

"साहेब, मीही पुरुषच आहे."

"मग एखादी बाई पाठवा तपासायला!"

"बर्नरमधलं कळेल इतकी शिकलेली बाई आपल्याकडे एकच आहे," मी अदबीने म्हणालो. "ती आत आहे."

परीक्षा घ्यायला बाहेरून बाईच आल्या. सगळ्या मुली पास झाल्या. वार्षिक अहवालात अध्यक्षांनी याचं श्रेय कडक पडद्याला दिलं.