बुधवारचं भजनी मंडळ

माझा गळा भजनाचा नाही. आईने लहानपणीच सांगून टाकलं होतं, तू आरतीला टाळ्या वाजव, गाऊ नकोस. तरी सन पन्नासनंतर डोंबिवलीत मी एक महिला भजनी मंडळ काढलं आणि चांगलं चालवलं. त्या मंडळात भजन सोडून बाकी सगळं होत असे. देवाला फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. फसवलं ते माणसांना, आणि त्यांनी आमच्यासाठी दुसरा रस्ता ठेवला नव्हता.

कारण होतं माझी धाकटी मुलगी. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल. उंचीने माझ्या खांद्याला लागली होती, पण परकराची नाडी तिला बांधता येत नव्हती. बोलायची तुटक, आणि आनंद झाला की दोन्ही हात हलवत जागच्या जागी उड्या मारायची. हल्ली अशा मुलांसाठी बरे शब्द निघालेत. तेव्हा 'खुळी' होतं, 'अर्धवट' होतं, आणि बोलणारा शिकलेला असला तर 'मंदबुद्धी'. शाळेने तिला पहिलीच्या वर्गातून परत पाठवलं. लग्नाआधी मी कल्याणला प्राथमिक शाळेत शिकवत होते. दुसऱ्यांच्या पोरांकडून मुळाक्षरं गिरवून घेतली, आणि माझ्याच पोरीला वर्गात बसायला हातभर जागा मिळेना. त्या शाळेवरून जाताना मी रागाने दुसरीकडे तोंड करत असे.

मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, "औषध नाही. सांभाळा." सांभाळा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून घरच्यांनी आपला अर्थ लावला. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत न्यायचं. लग्नकार्याला न्यायचं नाही. माझ्या जाऊबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघायची वेळ आली होती. दारात कोणी आलं की त्या मला डोळ्यांनी खुणावत. मी खूण न कळल्यासारखं करी. मग त्या तोंडाने सांगत, आणि मग आमचं व्हायचं ते भांडण व्हायचंच.

एकदा बाजारात मला ठाकुर्लीची एक बाई दिसली. तिचा नवरा तिथल्या पॉवर हाउसमध्ये कामाला होता. सहा-सात वर्षांचा मुलगा सोडला की धावत सुटे, म्हणून तिने जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याचं मनगट आपल्या मनगटाला बांधलं होतं. येणारेजाणारे थांबून बघत होते. मी धाकटीचा हात धरला आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिने आधी माझ्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिथेच वांग्यांच्या ढिगापाशी रडायला लागली. भाजी विकणारी बाई शेजारच्या गावची, आगरी. ती म्हणाली, "रडतेस कनाला? माजा पोर बग." तिच्या मागे, टोपल्यांच्या आड, तिचा मुलगा बसला होता. चांगला मिसरूड फुटलेला, धिप्पाड, आणि मेथीच्या जुडीतली पानं एकेक करून तोडून मांडीवर रचत होता.

अशा आम्ही तिघी झालो. पण भेटणार कुठे? माझ्या घरी दोन खोल्या आणि त्यात दीर-जाऊ. ठाकुर्लीला भिंतीपलीकडे चौकस शेजार. शिवाय बाईने घराबाहेर पडायचं तर कारणं दोनच, देव किंवा दळण. दळणाला काही दुपार लागत नाही.

आमच्या भागातल्या रामाच्या देवळामागे एक खोली होती. उत्सवाची पातेली आणि जाजमं तिच्यात ठेवलेली असत. मी देवळाच्या व्यवस्थापकांकडे गेले आणि म्हणाले, आम्हा बायकांना बुधवारी दुपारी भजनाला जागा हवी आहे. ते खूष झाले. त्यांच्या देवळात तोवर महिला मंडळ नव्हतं. "अवश्य, वहिनी," म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मुलं बरोबर येतील हे मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

दर बुधवारी दार लोटलं की तिघींपैकी एक टाळ घेऊन दाराशी बसे आणि एक अभंग म्हणत राही. तोच तो, कारण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आम्हाला येणारा अभंग तेवढाच होता. बाहेर आवाज जात राहावा एवढंच त्याचं काम. बाकीच्या दोघी मुलांना घेऊन बसत.

खरी शाळा लावावी लागली ती आयांना. आम्हा तिघींचीही खोड एकच. मूल बटणाशी झटायला लागलं की आपला हात पुढे गेलाच. आपल्याला वाटतं माया करतो आहोत, आणि मूल समजतं की हे काम आईचं. म्हणून मी नियम घातला. मूल काही करत असलं की आईने हाताची घडी, तोंडावर बोट. वर्गात पोरांना घालायची ती शिक्षा मी बायकांना घातली. ठाकुर्लीच्या बाईला घडी जमेना, तर ती आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे आणि डोळे मिटून घेई.

काम शेवटाकडून शिकवावं हे मला धाकटीमुळे कळलं. नाडीची पहिली अढी घालायला सांगितली की ती चिडून नाडीच उपसून काढी. एकदा मी सगळी गाठ घातली आणि नुसतं ओढायचं तेवढं तिच्यावर सोडलं. तिने ओढलं, गाठ बसली, आणि तिने अशा उड्या मारल्या की पातेली वाजली. पुढच्या वेळी शेवटच्या दोन गोष्टी तिच्याकडे. असं उलट सरकत सरकत ती आपली नाडी आपण बांधू लागली, तीही सुरगाठीची, ओढली की सुटणारी. त्या दिवशी घरी येऊन मी जाऊबाईंपुढे तिच्याकडून ती गाठ बांधून घेतली. हो, मुद्दाम.

आगरी बाईच्या मुलाला आम्ही रिकामा तांब्या देऊन अंघोळ शिकवली. घमेल्यातून पाणी घेतल्यासारखं करायचं, डोक्यावर ओतायचं, चोळायचं. त्याची आई म्हणायची, "आता माजे हात नाय पोचत त्याच्या डोक्याला. उद्या मी नसलू तं त्याला कोन न्हाऊ घालील?" हा प्रश्न आम्हा तिघींच्याही पोटात होता. ती एकटीच तो मोठ्याने विचारी. ठाकुर्लीच्या मुलाला 'थांब' म्हटलं की थांबायला शिकवलं, कारण त्याचं घर रुळांना लागून होतं. तिघींपैकी कोणीही, कधीही 'थांब' म्हणे आणि तो असेल तिथे गोठून उभा राही. ती खोली हातची गेली असती तर हे सगळं तिथेच संपलं असतं. आम्हाला दुसरी जागा कोणी देणार नव्हतं.

आणि मग चैत्र आला. रामनवमीच्या उत्सवात रोज दुपारी एका मंडळाचं भजन असे. व्यवस्थापकांनी कोणाला न विचारता फळ्यावर आमचं मंडळ लिहून टाकलं. वर्षभर भिंतीतून आमचा टाळ ऐकत होते ना. मला बोलावून म्हणाले, "वहिनी, मान तुमच्या मंडळाचा. फक्त एक करा, त्या दिवशी ती मुलं घरी ठेवा. ठाण्या-कल्याणहून मोठी माणसं येतात." 'ती मुलं' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला होता. म्हणजे मुलं येतात हे त्यांना माहीत होतं. दिसत नव्हती तोवर त्यांना चालत होती.

त्या बुधवारी आमची चांगलीच जुंपली. ठाकुर्लीची म्हणाली, "वहिनी, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मुलांना ठेवू घरी, म्हणू तो अभंग, खोली तरी राहील." तिचं चुकत नव्हतं. मीही रात्रभर तसाच हिशेब करून आले होते. पण आगरी बाई म्हणाली, "मिसरूड फुटंपरतं मी त्याला घरानच ठेवला. आता नाय ठेवायची. तुमी जावा." माझा हिशेब मी तिथेच सोडला. मुलांसकट सगळ्यांनी जायचं ठरलं.

सभामंडप भरला होता. आम्ही तिघी जाजमावर बसलो आणि मुलांना मागे न ठेवता पुढे बसवलं. अभंग सुरू केला. माझा आवाज जसा होता तसाच लागला. दुसऱ्या ओळीला काहीतरी निराळं ऐकू आलं. आगरी बाईचा मुलगा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आमच्याबरोबर म्हणत होता, तोही खणखणीत. मग ठाकुर्लीचा मुलगा गुणगुणू लागला. धाकटीने माझ्या हातातले टाळ काढून घेतले आणि वाजवायला लागली, ठेक्यात कमी आणि जोरात जास्त. वर्षभर भिंतीबाहेरच्यांना ऐकवायला म्हणत होतो तो अभंग, आणि आत बसलेल्यांनी तो घेतला होता. आमच्यापैकी एकीच्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं.

बायका पदराआड हसल्या. दोघी-तिघी आपापल्या मुलांना घेऊन उठून गेल्या. अभंग संपला. वेळ बरीच उरली होती. मी परत पहिली ओळ धरली. तो परत संपला, परत धरला. व्यवस्थापक खांबापाशी उभे राहून हाताने पुरे, पुरे करत होते. शेवटी पुढे येऊन म्हणाले, "वहिनी, दुसरं काही म्हणा, नाहीतर आवरा."

"दुसरं आम्हाला येत नाही," मी म्हणाले, आणि उठून उभी राहिले. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा वर्गातला आवाज माझ्याकडे होताच. "आम्ही बुधवारी भजन करत नाही. या मुलांना अंघोळ करायला, कपडे घालायला, रुळांपाशी थांबायला शिकवतो. भजनाचं नाव घेतलं कारण खरं नाव घेतलं असतं तर जागा मिळाली नसती. ज्यांच्या घरी असं मूल असेल त्यांनी बुधवारी यावं." एवढं बोलून मी धाकटीला टाळ खाली ठेवायला सांगितलं. तिने ठेवले नाहीत.

बाहेर व्यवस्थापकांनी मला गाठलं. "देवाच्या दारात खोटं बोललात तुम्ही."

"खरं बोलले असते तर किल्ली दिली असतीत?"

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. घरी हे म्हणाले, "आता सगळ्या डोंबिवलीला कळलं." मी म्हणाले, कळू दे. त्यावर त्यांनी वाद न घालता विड्याचं पान जुळवलं, आणि त्यांच्या बाबतीत तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्या बुधवारी खोलीला कुलूप होतं. सभामंडपाला मात्र तीन बाजूंनी भिंतच नव्हती, त्याला कुलूप कुठून लावणार? आम्ही मुलांना घेऊन तिथे बसलो. टाळ आणले नव्हते, कोणी गात नव्हतं. धाकटीला मी पोलक्याची बटणं लावायला शिकवत होते. आगरी बाईचा मुलगा रिकाम्या तांब्याने अंघोळ करत होता. रस्त्यावरून जाणारे थबकत होते. ठाकुर्लीची पदर डोक्यावरून ओढून बसली होती. थोड्या वेळाने तिने तो मागे टाकला. व्यवस्थापक आले, उभे राहिले, आणि पोथी घेऊन आपल्या जागी जाऊन बसले. आम्हाला उठवायचं तर रामासमोरून उठवावं लागलं असतं.

मग आमच्या समोरच्या घरातल्या बाई आल्या. आमचं बिऱ्हाड डोंबिवलीत आलं तेव्हापासूनच्या शेजारीण. वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले होते, त्यांच्या पुढच्या खोलीत बसून कैरीची डाळ खाल्ली होती. त्यांच्यासोबत एक मुलगा होता. विशीचा असेल. रंगाने पांढुरका, केस घरीच कातरलेले, आणि उन्हाने डोळे चुरचुरत असल्यासारखा मान खाली घालून चालत होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मुलगा आहे हेच मला माहीत नव्हतं. रस्त्याच्या या बाजूला मी माझ्या मुलीसाठी भांडत होते आणि त्या बाजूला एका दारामागे हा मोठा होत होता.

मला रडू आलं नाही. राग आला, त्यांचा नाही, सगळ्यांचाच. मी सरकून जागा केली. तो बसला. मी त्याच्याकडे बघून विचारलं, "नाव काय तुझं?"

त्याच्या आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात धरला. "त्याला विचारलंय," मी म्हणाले.

त्याला वेळ लागला. आम्हाला कुठे जायचं नव्हतं.