घोड्यांच्या कवट्यांवरचं खळं

फेब्रुवारी २०२० मध्ये बाबा थोड्या दिवसांसाठी इकडे परदेशात, माझ्याकडे ल्यूकनला आले आणि विमानं बंद झाली. जुलैत वर्ध्याजवळच्या आमच्या गावी मोठे काका गेले. बाबांनी अंत्यविधी माझ्या फोनवर पाहिला, तोही अर्धाच. चितेपाशी चित्र अडकलं ते अडकलंच. त्यानंतर बाबा ‘हो’, ‘नाही’ आणि ‘मीठ दे’ एवढंच बोलायचे. रडलेसुद्धा नाहीत. मी दिवसभर मीटिंगमध्ये बडबडायची आणि ते भिंतीकडे बघत बसायचे. मला भीती वाटायला लागली होती.

वेक्सफर्डमध्ये एका शेतावर ओकच्या लाकडाचं जुनं कोठार आहे, असं ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं. दोघं भाऊ शेतीत वाढलेले, म्हटलं हेच दाखवू. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पोळ्या आणि आलूची भाजी बांधून निघालो. जाणाऱ्यांसाठी: ल्यूकनहून दक्षिणेला वळलात तर एम-५० चा टोल लागत नाही. पुढे एम-११ सोडल्यावर मात्र नकाशावर विसंबू नका. आम्हाला त्यानं एका दफनभूमीच्या फाटकाशी नेऊन सोडलं. तिथून नदीपलीकडे कोठाराचं काळं छप्पर दिसत होतं. आधी फोन करून जा, पाटी नाही.

मालकीणबाई, नोरा, मास्क लावून दारातच उभ्या होत्या. “या, या. जरा अंधार आहे, पण ग्रँड आहे.”

आत खरंच अंधार होता, आणि ऑगस्टात शहारा येईल असा गारवा. एकच वाकडं झाड उभं चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर उभे केलेले, वर टोकाशी जुळलेले. अशा जोड्यांची रांगच्या रांग. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून मग उभा केला, म्हणून प्रत्येक सांध्यावर सुतारांनी पटाशीनं खुणा कोरल्यात. दाराच्या खांबावर थेंबाच्या आकाराचे जळके डाग होते. “आग लागू नये म्हणून मुद्दाम मेणबत्तीनं भाजलेत,” नोरा म्हणाल्या. मी उगाचच हात मागे घेतला.

मध्यभागी फळ्यांची जमीन, दोन्ही बाजूंना समोरासमोर मोठी दारं. वारा आरपार.

“पायतन काढ व पोरी,” बाबा म्हणाले. “खयं आहे हे.”

कित्येक दिवसांनी त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं. खळ्यावर चप्पल घालून जायचं नाही, हे मी विसरलेच होते. मी बूट काढले. नोरा बघतच राहिल्या. अनवाणी चार पावलं टाकून बाबा थांबले. “खाली पोकय आहे.”

खाली पोकळ कशानं, मी नोरांना विचारलं. नोरा म्हणाल्या, “घोड्यांची डोकी पुरलीत खाली. कवट्या. मळणीचा आवाज घुमावा म्हणून. आजोबा म्हणायचे, नदीपलीकडे, दफनभूमीपर्यंत ऐकू जायचा.”

मी बाबांना सांगितलं. ते खाली बघत राहिले. मग त्यांनी टाच आपटली. पुन्हा. अख्खं कोठार घुमलं, माझ्या तळव्यांपासून दातांपर्यंत पोचलं. बाबा ओरडले, “दादा होऽऽ!” आणि थांबले.

सगळं शांत झाल्यावर खालून एक ठोका आला. एकच.

“लाकूड आहे, ऊन उतरलं की बोलतं,” नोरा म्हणाल्या, पण त्या दाराकडे सरकल्या होत्या.

“ऐकलं त्यानं,” बाबा म्हणाले आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. दोन मीटरचं अंतर विसरून नोरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

परतीच्या वाटेवर बाबा एकसारखे बोलत होते. काकांनी शिकवलेली बैलांची हाळी, काकांचा राग, काकांची तंबाखू. मी हूं हूं करत गाडी चालवली. त्या ठोक्याबद्दल मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला तर हॉलमधून ठकठक ऐकू आली. बाबा अनवाणी उभे, लॅमिनेटच्या जमिनीवर टाच आपटून कान देत होते.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही व,” ते म्हणाले. “येथी खाली कोनी नाही ऐकाले. मले घरी जाऊ दे.”