खापर आणि जीजींचे हात

फाल्गुनातली सकाळ. मी गच्चीवर कुरडया घालत होते, हात गव्हाच्या चिकानं भरलेले. खाली फोन वाजला आणि थोड्या वेळानं माझी सून पल्लवी वर आली. "मम्मी, जीजी गेल्या. सकाळी चहा घेतला, आणि बस, बसल्या-बसल्याच..." मी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोऱ्या दाबायला लागले. पल्लवी घाबरलीच. पण पातेल्यातला चीक टाकून मला उठवेना. जीजींनी तो मला टाकू दिला नसता. शेवटची कुरडई घातली, हात धुतले आणि मग बुऱ्हाणपुरातल्याच लालबागहून, जिथे आम्ही आता राहतो, रिक्षा करून सासरच्या जुन्या घरी गेले. रडू आलं ते तिथे, त्यांचे हात पाहिल्यावर. दहाही बोटं वाकडी, सांधे सुपारीएवढे.

जीजी म्हणजे माझी मोठी जाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. बुऱ्हाणपुरात आमच्या सासरचं सुताचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. मी लग्न होऊन आले ती प्रयोगशाळेतलं शिक्षण घेऊन, आणि एका पॅथॉलॉजीत नोकरीला लागले. सासूबाईंना, म्हणजे आईंना, ते काही फारसं रुचलं नव्हतं. "लोकांचं रगत पाहून पोट भरते का?" असं त्या येत्याजात्याला ऐकवायच्या. जीजींनी मात्र सकाळचा सगळा स्वयंपाक आपल्या अंगावर घेतला आणि मला म्हणाल्या, "तू जाय. संध्याकाळच्या पोळ्या तुझ्या." मी केलेल्या पोळ्या पाहून त्यांना हसू आवरायचं नाही. माझ्या पोळ्यांना त्या नकाशे म्हणायच्या आणि रोज नवा देश ओळखायच्या.

त्यांची स्वतःची पोळी मात्र बघण्यासारखी. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, पितरांची घागर भरतात आणि तिच्यापुढे खापरावरच्या पुरणपोळीचं पान वाढतात. ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला मऊ गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवायचा, कोपरापर्यंत आला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर, म्हणजे मातीच्या खोलगट भांड्यावर, अंथरायचा. जीजी पोळी खापरावर टाकण्याआधी क्षणभर चेहऱ्यासमोर धरायच्या आणि तिच्यातून समोरच्याकडे बघायच्या. "नलू, तुझी टिकली दिसते मले," असं म्हणाल्या की पोळी जमली असं समजायचं. शाहपूरपर्यंतच्या नातेवाईकांकडून लग्नाकार्यात त्यांना बोलावणं यायचं. आमच्या घरात सोनंनाणं बेताचंच, पण जीजींचे हात होते.

मग त्यांची पाळी गेली. एक्कावन्न-बावन्नच्या असतील. भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या, पदरानं वारा घेत ओट्यावर बसायच्या. त्याचं त्यांना काही नव्हतं. उलट "सुटली एकदाची," म्हणाल्या, कारण आमच्याकडे पाळीत चार दिवस बाहेर बसायचं, चुलीला आणि देवाला शिवायचं नाही. माझी तर मोठी गंमत होती. दिवसभर लॅबमध्ये सगळ्या गावाचं रक्त हाताळायचं आणि घरी आलं की स्वतःच्या रक्तासाठी कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसायचं. मी कधी काही बोलले नाही. नोकरी करू देतात हेच पुष्कळ, असं मनाशी म्हणत राहिले.

पण वर्षभरात जीजींची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना. त्या वर्षीच्या आखाजीला पोळी हातावर घेतली आणि कोपरापर्यंत यायच्या आत ती फाटली. दुसरी फाटली, तिसरीही. आईंनी नुसतं लाटणं पुढे सरकवलं. जीजींनी त्या वर्षी पितरांसाठी लाटून पोळ्या केल्या आणि जेवायला बसल्याच नाहीत.

नव्या नव्या परदेशी कंपन्या देशात येत होत्या, अशी ती वर्षं. आमच्या गावातल्या दुकानांतही पूर्वी इंदूरहून मागवावी लागायची ती औषधं दिसू लागली होती. मीच जीजींना एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं विचारलं, तपासलं आणि समजावून सांगितलं, की पाळी जाताना शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं, काही बायकांच्या सांध्यांना त्याचा आधार असतो, तो सुटला की दुखणं आणि सूज डोकं वर काढते. गोळ्या सुरू करून पाहू, सगळ्यांनाच मानवतात असं नाही, आणि महिन्यातून काही दिवस पुन्हा रक्तस्राव होईल. जीजी ते ऐकून माझ्याकडे बघून हसल्या. "म्हणजे वापस कोपऱ्यात?"

तीन महिन्यांत बोटं मोकळी झाली. मी त्यांचं रक्त घरीच काढून लॅबला नेलं, तर सूज दाखवणारा आकडा आधीपेक्षा वाढलेला. मी दोनदा तपासला. धावत डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तुम्ही सूज मोजायला रक्तातला जो पदार्थ पाहता, तो यकृतच जास्त बनवतं, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, त्यांची बोटं बघा. मला ते पटलं नाही. मी काचपट्टीवर विश्वास ठेवणारी बाई. जीजींनी माझ्यासमोर मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. "तुझा कागद तू सांभाळ. माझे हात मले वापस भेटले." त्या दिवशी त्यांनी उगाचच, सण ना वार, खापर काढून दोन पोळ्या केल्या.

पुढच्या आखाजीला चूल पेटली, खापर तापलं आणि जीजी मोरीवरून परत आल्या त्या दारातच थांबल्या. दोन दिवसांनी यायचं ते आजच आलं होतं. त्यांनी लपवलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण पितरांचं काम आहे, खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्या सरळ आईंना म्हणाल्या, "आई, हे गोळीचं आहे. माझं तं दोन वर्षांपूर्वीच गेलं."

आई गोंधळल्या. मला आजही वाटतं, त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. "नलू, तू तं शिकेल आहे. तू सांग. हा विटाळ आहे का नाही?"

ओसरीवर पुरुषमंडळी बसलेली. मी मान खाली घातली. मला ठाऊक होतं की हा औषधाचा परिणाम आहे, बाकी काही नाही. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. जीजी दारात उभ्या होत्या, बाह्या वर सारलेल्या, हात कोरडे... आणि मी म्हणाले, "रक्त ते रक्तच, आई."

जीजी अंगणात जाऊन बसल्या. पोळ्या मी केल्या. उंबऱ्यापलीकडून त्या सांगत होत्या, "मनगट ढिलं सोड. वढू नको, झुलव." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पहिल्या सहा फाटल्या, सातवी कशीबशी खापरावर पोचली. संध्याकाळी आई म्हणाल्या, सणावाराला बाईला बाहेर बसवते ती गोळी काय कामाची? जीजींनी गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "दुकानात वापस घेत असतील तं देऊन टाक."

बोटं पुन्हा सुजली आणि हळूहळू वाकली. आता त्या चुलीला शिवू शकत होत्या, पोळी मात्र हातावर धरू शकत नव्हत्या. काही वर्षांनी त्या गोळ्यांबद्दल पेपरात उलटसुलट छापून आलं, धोके आहेत, सरसकट घेऊ नयेत. घरातले म्हणाले, बरं झालं बंद केल्या. असेलही बरं झालं, मी ते नाकारत नाही. पण त्या धोक्यापायी बंद झाल्या नव्हत्या. माझ्या तीन शब्दांनी बंद झाल्या होत्या.

आई गेल्यानंतर एकदा मी जीजींपाशी हा विषय काढला. त्यांचे हात कोमट मिठाच्या पाण्यात होते, मी शेक देत होते. म्हटलं, "जीजी, त्या दिवशी मी चुकले." त्या पाण्यात बोटं हलवत म्हणाल्या, "चुकली नाही तू. घाबरली. मी तुझ्या जागी राहती तं मीबी घाबरली असती." आणि मग म्हणाल्या, "पण मी तुझ्याकडे पाहत होती, बरं का." त्यानंतर आम्ही ते कधी बोललो नाही. दर आखाजीला मी पोळ्या करायचे आणि त्या समोर पाटावर बसून, माझी टिकली दिसत नाही म्हणून, नावं ठेवायच्या.

यंदाच्या आखाजीला एक घागर जीजींची होती. तिच्यावर खरबूज ठेवलं, हळदीकुंकू लावलं. जुन्या घरून त्यांचं खापर मी मागून आणलं. पाठ काळी कुळकुळीत, काठाला एक टवका उडालेला. गच्चीवर विटांची चूल मांडली, खापर पालथं घातलं, आणि जिन्यावरून पल्लवीचा आवाज आला. ती शेवटच्या पायरीवर उभी होती. "मम्मी, माझी आजच डेट आली. टाइमिंगच खराब आहे. मी खाली थांबू ना?"

माझा मुलगा तिथेच आंबे पिळत बसला होता, त्यानं मान वळवली. मला जीजींचं दारातलं उभं राहणं दिसलं, अगदी बाह्यांसकट. मी म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच म्हणाले, "हात धुऊन ये. पहिली पोळी तुला करायची आहे."

"मला येत नाही, मम्मी. फाटेल."

"फाटू दे," मी म्हटलं. "मनगट ढिलं सोड. वढू नको, झुलव."

पाच फाटल्या. सहावी तिनं खापरावर टाकण्याआधी, तिला कुणी सांगितलं नसताना, समोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "काय दिसतं?" ती म्हणाली, "तुम्ही रडताय."