तू चहा बघ

“तू चहा बघ.”

सर हे माईकवरच बोलले. माईक बाजूला करावा असं त्यांना वाटलं नाही. माझ्यासाठी कशाला तेवढी तसदी. गणित विभागाचा हॉल भरलेला होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून पाहुण्या मॅडम आल्या होत्या. व्याख्यानाचा विषय होता, बी.एस्सी.नंतरच्या संधी. आणि मी दाराशी उभी होते, हातात बारा कपांचा ट्रे घेऊन.

मी कॅन्टीनवाली नव्हते. तिसऱ्या वर्षाला होते. विषय गणित. मागच्या चारही सेमिस्टरला वर्गात पहिली.

मग हातात ट्रे कसा, ते सांगते. आमच्या बारामतीच्या कॉलेजात कार्यक्रम असला की आदल्या दिवशी बोर्डावर कामाची यादी लागते. औक्षण, रांगोळी, सूत्रसंचालन, स्वागतगीत आणि सगळ्यात खाली चहापाणी. औक्षणाला गोऱ्या आणि चांगल्या घरच्या मुली. सूत्रसंचालनाला जिचं मराठी शुद्ध ती. चहापाण्याला आम्ही वस्तीवरच्या. असा नियम कुठंही लिहिलेला नाही. पण तीन वर्षांत तो एकदाही मोडला नाही.

पहिल्या रांगेत तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमच्या कळंबचे मोठे बागायतदार आणि कॉलेजच्या कमिटीवरचे. माझे आप्पा त्यांच्या गोठ्यावर कामाला आहेत. आम्ही राहतो त्या गोठ्यामागच्या दोन खोल्याही तात्यांच्याच. तात्यांची एक सवय सगळ्या तालुक्याला माहीत आहे. ते हॉलमध्ये शिरले की पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत हात मिळवत जातात. तात्या सगळ्यांशी हात मिळवतात, असं लोक कौतुकानं सांगतात. आमच्या दारात आले की मात्र चहा घेत नाहीत. “आत्ताच झाला,” म्हणतात. मला कळायला लागल्यापासून त्यांचा आत्ताच झालेला आहे. कॉलेजात कप कॅन्टीनचे असतात, म्हणून माझ्या हातचा चालतो.

तर मॅडमनी शेवटी एक कोडं घातलं. “समजा एका खोलीत कितीही माणसं आहेत. काहींनी एकमेकांशी हात मिळवलेत, काहींनी नाही. अशी दोन माणसं नक्की सापडतील का, की ज्यांनी मिळवलेल्या हातांची संख्या सारखीच आहे?”

सर छताकडं बघायला लागले. ते नेहमीच उत्तर येत नसलं की छताकडं बघतात.

मला ते कोडं सोडवावं लागलंच नाही. ते माझ्यासमोर घडत होतं. दाराशी मी होते, दोन्ही हात ट्रेला गुंतलेले, एकाशीही हात न मिळवलेली. समोर तात्या, सगळ्यांशी हात मिळवलेले. मनात म्हटलं, मी या खोलीत असेन तर तात्यांनी सगळ्यांशी हात मिळवला हे खरं नाही. आणि ते खरं असेल तर मी या खोलीत नाही. शून्य आणि सगळे एका खोलीत राहूच शकत नाहीत. दहा माणसं असतील तर शून्य ते नऊ असे आकडेही दहाच; त्यातला एक कमी पडतो, माणसं दहाच राहतात. दोघांचा आकडा सारखा यायलाच पाहिजे.

तोंडातून निघून गेलं. “मॅडम, सापडत्यातच. एकबी हात न मिळवलेला आन् सगळ्यांशी हात मिळवलेला, ही दोघं एका खोलीत ऱ्हाऊच शकत न्हाईत.”

मागून खसखस पिकली. माझ्या ‘न्हाईत’वर. कॉलेजात मी जपून बोलते, पण गणित सुचलं की घरची भाषा येते.

मॅडमची पाठ होती. वळून म्हणाल्या, “कोण बोललं?”

सर म्हणाले, “कुणी नाही मॅडम. ती चहाची मुलगी आहे.” मग माझ्याकडं बघून, “तू चहा बघ.”

मॅडम हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या. तेवढ्यात ऋतुराज उभा राहिला. हा तात्यांचा नातू, माझ्याच वर्गातला. मी बोलले तेच तो इंग्रजीत बोलला. वाक्याला वाक्य. मॅडम खुलल्या. टाळ्या पडल्या. तात्यांनी मागं वळून सगळ्यांच्या टाळ्या डोळे भरून पाहिल्या.

आणि मी काय केलं? चहा बघितला. पहिला कप ऋतुराजला दिला. सरांच्या त्या शब्दांपेक्षा मला हेच जास्त सलतं.

मॅडम पुढं बोलत होत्या आणि मी कप गोळा करत ऐकत होते. उन्हाळ्यात त्यांच्या संस्थेत चार आठवड्यांचं गणिताचं शिबिर असतं. राहणं, जेवण त्यांचंच, वर विद्यावेतन. तिथून पुढं एम.एस्सी., मग पीएच.डी. शिकत असताना दरमहा पैसे मिळतात. गणित करण्याचे पैसे मिळतात, हे मला त्या दिवशी वयाच्या एकविसाव्या वर्षी उष्टे कप उचलताना कळलं. आम्हाला माहीत असलेल्या संधी म्हणजे बी.एड., बँकेची परीक्षा, पोलीस भरती, एमआयडीसीत क्वालिटी विभाग. नाहीतर लग्न. ती संधी कुणाचीच हुकत नाही.

शिबिराला एकच अट होती. अर्जासोबत विभागप्रमुखांचं शिफारसपत्र हवं. विभागप्रमुख म्हणजे सर.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, मला शिबिराचं पत्र हवं होतं.”

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुला? तिथं काय भाषेत बोलणार आहेस?” मग आवाज मऊ केला. “हे बघ, झेपेल तेवढंच धरावं. तू बी.एड. कर. नाहीतर मी तात्यांना सांगतो, कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटवतील. घराला आधार होईल.”

मी म्हटलं, “बरं सर.” हा ‘बरं’ आमच्या घरचा वारसा आहे. आप्पांनी जन्मभर तेवढा एकच शब्द नीट वापरला. बाहेर पडले आणि एसटी स्टँडवर उभी राहिले. गाडी आली, भरली, गेली. मी तिथंच. दुसरी आली तेव्हा चढले. कळंबपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. वरचं आभाळ सोडलं तर काही दिसत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा उसाची भीती वाटली.

आता माझी एक चूक सांगते. बारावीनंतर मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. आमच्याकडच्या मुली देतात, सरकारी नोकरीला उपयोगी पडतं म्हणून. हे सरांना पहिल्याच वर्षी मी आपणहून सांगितलं. वाटलं, सरांच्या नजरेत येऊ. आले. तेव्हापासून विभागाचं सगळं टायपिंग माझ्याकडं. प्रश्नपत्रिका सोडून सगळं. नजरेत येणं आणि कामाला लागणं यांतला फरक कळायला मला तीन वर्षं लागली.

आठवड्यानं सरांनी बोलावलं. “बस. एक पत्र घे.”

मी कॉम्प्युटरसमोर बसले. पत्र ऋतुराजचं होतं. शिबिराचं शिफारसपत्र. सर येरझाऱ्या घालत इंग्रजीत सांगत होते, मी बडवत होते. विद्यार्थी हुशार आहे. नम्र आहे. स्वतंत्र विचार करतो. इथवर बोटं चालली. मग सर म्हणाले, पाहुण्या प्राध्यापिकांनी घातलेलं कोडं या विद्यार्थ्यानं जागच्या जागी, कुणाच्याही मदतीशिवाय सोडवलं.

बोटं थांबली.

“लिहिलंस?”

“सर, ते उत्तर माझं हाय.”

‘हाय’ म्हणाले. या वेळी मला त्याची लाज वाटली नाही.

सर थांबले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं, उत्तर असं कुणाचं नसतं. गणित सगळ्यांचं असतं.”

“मग पत्रात सगळ्यांची नावं घाला.”

“टाईप कर.”

“न्हाय करणार.”

हात मांडीवर ठेवले. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं आणि लघवीलाही लागली होती. शूर-बिर काही वाटत नव्हतं. फक्त एवढं कळत होतं की ही ओळ माझ्या बोटांनी लिहिली गेली, तर ते उत्तर मला कधीच सुचलं नव्हतं असं होईल. मी उठले. सर मागून म्हणाले, “इंटर्नल मार्क माझ्याच हातात आहेत, विसरू नकोस.” म्हणजे निदान खरं तरी बोलले.

मी घरी पोचायच्या आधी बातमी गोठ्यावर पोचली होती. आप्पा वैरण टाकत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “काय गं केलंस तितं? तात्या इचारत हुते.”

मी सगळं सांगितलं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “उत्तर तुजं हुतं, व्हय. पर माफी मागाय काय झिजतंय?”

आई दारातून म्हणाली, “हितनं उठवलं तर जायाचं कुठं?”

बापाची भाकरी, डोक्यावरचं छप्पर, माझे मार्क, माझं पत्र, सगळं एकाच माणसाच्या दावणीला बांधलेलं. कुठूनही सोडवायला गेलं की गाठ आणखी आवळते. त्या रागात मी आईवर ओरडले. तिची काही चूक नव्हती.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. तीन वर्षं विभागाचे कागद टाईप करून मी एक गोष्ट शिकले होते. तोंडी बोललेलं कॉलेजात कुणी ऐकत नाही. आवक शिक्का बसलेला कागद मात्र फाईलला लावावाच लागतो. गुरुवारी मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. हातानं, दोन प्रती. मला शिफारसपत्र द्यावे. देणार नसल्यास कारण लेखी कळवावे. कोड्याचं उत्तर कुणी दिलं होतं, तेही लिहिलं.

आवक-जावक बघणारे मुलाणी काका अर्ज दोनदा वाचून चष्म्यावरून बघत राहिले. “पोरी, एकदा शिक्का पडला की मागं घ्याया येत न्हाय.”

“म्हणूनच मारा, काका.”

त्यांनी मारला. दोन्ही प्रतींवर. नंबर घातला. माझी प्रत देताना हलक्या आवाजात म्हणाले, “झेरॉक्स काढून ठेव.”

शुक्रवार गेला. पत्र आलं नाही, कारणही आलं नाही. माझा अर्ज शिबिराला गेला नाही. ऋतुराजची निवड झाली. त्याच्या पत्रातली ती ओळ सरांनी स्वतः दोन बोटांनी टाईप केली असणार. सरांनी माझ्याकडं बघणं बंद केलं आहे. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. तात्या त्यांना म्हणालेत, “खोल्यांचं उन्हाळा झाल्यावर बघू.” मी दुसरा अर्ज दिला आहे, पहिल्याचा नंबर घालून. त्यालाही उत्तर नाही. तिसरा लिहून ठेवला आहे.

आज बोर्डावर नवी यादी लागली. उद्या ऋतुराजचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, तात्यांच्या हस्ते. यादीत सगळ्यात खाली चहापाणी, आणि पुढं माझं नाव. एवढं होऊनही. मी पेन काढलं आणि सगळ्यांसमोर ते नाव खोडलं.

उद्या मी हॉलमध्ये खुर्चीवर बसणार आहे. पहिल्या रांगेत. आवक शिक्क्याचे दोन्ही कागद मांडीवर ठेवून. तात्या नेहमीप्रमाणं हात मिळवत येतील, एकेक खुर्ची करत. माझ्यापुढं त्यांना थांबावंच लागेल, कारण उद्या मी खोलीत आहे, आणि माझ्या हातात ट्रे नाही. ते हात पुढं करतील. मी करणार नाही.

मग मोजा म्हणावं, तात्यांनी किती जणांशी हात मिळवला.