नाडीकाकांनी न खोडलेली रेघ

आमच्या शेजारचे काका वेधशाळेत निरीक्षक आहेत. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. तिथे लोखंड चालत नाही. म्हणून पँटला पट्ट्याऐवजी नाडी, चष्मा प्लास्टिकचा. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा पितळी. गल्लीत सगळे त्यांना नाडीकाकाच म्हणतात.

"यांचं लग्न त्या चुंबकाशी झालंय," काकू म्हणतात. "मी आपली डबा भरायला."

पदवी घेऊन मी घरी बसले होते. एका सकाळी काकांनी मला वेधशाळेचं तळघर दाखवलं, साहेबांना न विचारता. घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवल्या. आत एक चुंबक बारीक धाग्याला टांगलेलं होतं. वरच्या खोलीत परत आलो, तर त्या चुंबकाची हालचाल दाखवणारी पडद्यावरची रेघ एकदम वर उडालेली. माझा हात केसांकडे गेला. पिन!

साहेब धावत आले. "काका, हिला आत नेलंत? सकाळची नोंद रद्द करा. आणि लेखी खुलासा द्या."

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"नेलं ही माझी चूक, खुलासा देतो," काका म्हणाले. "पण रेघ खोडणार नाही. पिन बाहेर आली की रेघ जागेवर येते. ही पोरगी इथे उभी आहे, आणि रेघ अजून वरच आहे."

"मग काय, पृथ्वी हलली?"

"तिचं चुंबकत्व हललं असेल. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या वेधशाळेला फोन लावा ना."

साहेबांनी लावला. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले. तिथेही उडी होती. त्याच मिनिटाला.

दोन दिवसांपूर्वी सूर्यावर उद्रेक झाला होता. विद्युतभारित कणांचा अफाट ढग पंधरा कोटी किलोमीटर ओलांडून आत्ता पृथ्वीवर आदळला होता. त्याने पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच दाबलं, म्हणून ती उडी. मग पृथ्वीला वेढून विजेचा प्रवाह वाढत गेला आणि रेघ खाली कोसळू लागली, थरथरत. काका हळू आवाजात सांगत होते. खिडकीबाहेर पानही हलत नव्हतं. ऊन नेहमीचंच. समोर एकजण सायकलचं पंक्चर काढत होता. हे चुंबकीय वादळ त्याच्याही अंगावरून चाललं होतं.

"खुलासा आत्ता लिहू?" काकांनी विचारलं.

"उद्या," साहेब म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरच होती. "आज इथून हलू नका. आणि तू गं, बस. उभी काय राहिलीस?"