साडूभाऊंचे पावणेदोन इंच

पालघर जिल्ह्यात पेट्रोलवर चालणारी अशी एकही गाडी नसेल, जिच्या मागे आमचे थोरले साडू कधी ना कधी उकिडवे बसले नाहीत, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकीचे लोक गाडी बघताना तिचा रंग बघतात, फार तर आत डोकावून गाद्या चाचपतात. साडूभाऊ सरळ मागे जातात, पँट गुडघ्याशी चिमटीत धरून खाली बसतात आणि धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडापुढे वीतभर अंतरावर उजवा तळहात धरतात. डोळे मिटलेले, कान आवाजाकडे, चेहरा नाडी बघणाऱ्या वैद्याचा. मग खिशातून व्हर्नियर, म्हणजे नळीची रुंदी मोजायचं ते पोलादी माप, बाहेर येतं आणि निकाल लागतो : "दम कोंडलाय" किंवा "दम वाया चाललाय." "बरोबर हाय" हा तिसरा निकाल मी बावीस वर्षांत पाच-सहा वेळाच ऐकला असेन. माझ्या मेहुणीच्या पुतणीचं लग्न होतं, तेव्हा मांडवाच्या दारात नवरदेवाला ओवाळणं चाललेलं आणि हे फुलांनी मढवलेल्या गाडीच्या मागे डोळे मिटून, हात पुढे करून बसलेले. वराच्या वडिलांना वाटलं, ही इकडची काही रीत असावी. त्यांनी चपला काढून गाडीला मागून मनोभावे नमस्कार केला.

साडूभाऊंचा जन्म घिवलीचा, कोळ्याच्या घरातला. पण समुद्राची ओढ लागण्याआधी त्यांना नळ्यांची ओढ लागली. तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं पाइप फिटर म्हणून काढली. वाफेची नळी, आम्लाची नळी, थंड पाण्याची नळी. कुठल्या नळीतून काय, किती वेगानं जातंय, हे ते नुसत्या कानानं सांगत. निवृत्त झाल्यावर घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली आणि गाड्यांचे सायलेन्सर करून द्यायला लागले. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सायलेन्सर दोन-तीन वर्षांत पापडासारखे फुटतात, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप येतं. येतं, पण लगेच जात नाही. कारण साडूभाऊ आधी मुलाखत घेतात. गाडीत माणसं किती बसतात? चढ लागतो का? हायवेला पळवता की बाजारात फिरवता? बायको पुढे बसते की मागे? (हा शेवटचा प्रश्न कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.) एकदा हयातीच्या दाखल्यासाठी कोळगावच्या जिल्हा कचेरीत गेले आणि तिथे उभ्या असलेल्या एका सरकारी गाडीच्या मागे बसले. पहारेकरी धावत आला. "काय करता हो तिथं?" साडूभाऊ म्हणाले, "ताप बगतोय." पुढे त्या गाडीचा ड्रायव्हर आला, गाडी दोन महिन्यांपासून ओढत नाही म्हणाला, दोघांचं सूत जुळलं, आणि साडूभाऊ तीन कप चहा पिऊन दाखला न घेताच घरी आले. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणाली, "भावजी, हे जिवंत हायत याचा पुरावा सरकारला नको, मलाच देऊन टाका. दिवसभर शेडीत असतात, मला तरी कुठं दिसतात?"

ताईचा खरा राग वाळूवरून आहे. नळी वाकवायची झाली तर बाजारातले लोक ती यंत्रात घालून दाबतात. मग वाकणाच्या जागी ती चेपते, आणि बाहेरून दोन इंच दिसणारी नळी आतून सव्वा इंच होऊन बसते. साडूभाऊ नळीत बारीक वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं बंद करतात, तापवतात आणि हळूहळू वाकवतात. आतली रुंदी सूतभरही हलत नाही. वाळू मात्र पूर्ण कोरडी लागते, म्हणून ती भाजावी लागते, आणि भाजायला ताईच्या कढईसारखी दुसरी कढई पंचक्रोशीत नाही. "आमच्या घरी पोहे कचकचतात," ती पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते.

मी पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. इतकी वर्षं या माणसाकडे मी कौतुकानं बघत होतो, पण खरं सांगायचं तर थोडं वरून बघत होतो. मी खाली कसा उतरलो, ते सांगतो.

आमच्या शेजारी एक नर्सबाई राहतात. मासवणच्या पुढे डोंगरात जे पाडे आहेत, तिथे त्या कामाला जातात. त्यांची जुनी, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी आहे. पाड्यावर कुणी बाई अडली आणि रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल, तर नर्सबाई तिला स्वतःच्या गाडीत घालून खाली आणतात. गेल्या वर्षी त्यांचा सायलेन्सर सडला. बोईसरच्या एका दुकानदारानं विचारलं, किती इंची टाकू? त्यांनी मला विचारलं. मी विज्ञानाचा मास्तर. म्हटलं, नळी जितकी मोठी तितका अडथळा कमी. इंजिन मोकळा श्वास घेईल. दुकानदारही खूश झाला. "मास्टरजी सही बोलते हैं, आजकल सबको मोटा पाइप ही मंगता है." अडीच इंची नळी बसली. गाडी वाघासारखी गुरगुरायला लागली. मला तर अभिमानच वाटला.

पंधरा दिवसांनी नर्सबाई आल्या त्या रडवेल्या होऊन. पाड्यावरून एका अडलेल्या बाईला आणत होत्या. पाड्यातून निघाल्यावर आधी ओढ्यात उतरायचं आणि पलीकडचा चढ चढायचा, अशी वाट. त्या चढावर गाडी दोनदा बंद पडली. शेवटी त्या बाईची आई आणि भाऊ खाली उतरले आणि भर उन्हात मागून ढकलत चढ पार केला. वेळेत पोचले, बाळ-बाळंतीण सुखरूप. "पण सर, पुढच्या वेळी काय? मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलावं लागेल. मी गाडीच काढून टाकते. भरवशाला बसलेल्या माणसाला मधे उतरवायचं म्हणजे..."

मी म्हटलं, इंजिन खोलण्याआधी एकदा साडूभाऊंना दाखवू. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी घेऊन आम्ही दोघं घिवलीला गेलो. वाटेत मी ठरवलं होतं की सगळं कबूल करायचं, आणि तसं केलंही.

साडूभाऊ मागे बसले, हात धरला, डोळे मिटले. नर्सबाईंना ॲक्सिलरेटर हळू, मग जोरात दाबायला सांगितला. मग माप लावलं आणि माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "बाय, मास्तरांचं गणित चुकलेलं नाय. फक्त दुसऱ्या गाडीचं हाय. टर्बोवाल्या गाडीला मोठी नळी चालते. तुजी गाडी सादी. तिला कुणी हवा ढकलून देत नाय, ती आपल्याच दमावर जगते."

मी म्हटलं, "पण साडूभाऊ, मोठ्या नळीनं वाट मोकळी होते ना?"

त्यांनी मला हाताला धरून शेडीमागे नेलं. तिथून खाडी दिसते. ओहोटी लागली होती. "ती बगा. मुखाशी खाडी अरुंद हाय, तिथं पाणी कसं सुटलंय? जाताना मागचं पाणी पण ओढून नेतं, गाळ राहत नाय. आणि तिकडं आत, जिथं रुंद हाय, तिथं? पाणी रेंगाळतं, चिखल बसतो. इंजिनाचा धूर पण असाच लोंढ्या-लोंढ्यानं येतो. पुढचा लोंढा जोरात गेला की मागच्याला ओढून नेतो. नळी रुंद केलीत, लोंढ्याचा जोर मेला. मग जोरात पळताना आवाज भारी, आणि हळू चालताना, चढाला, गाडी रडते. फार बारीक केलीत तर पळताना गुदमरते. मदली जागा शोधायची. ती गाडीत नसते, गाडीवाल्याच्या कामात असते."

बावीस वर्षं वर्गात मी जे फळ्यावर लिहीत होतो, ते मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

मग नर्सबाईंची मुलाखत झाली. किती माणसं? चढ किती? कुठल्या गिअरमध्ये बंद पडली? शेवटी साडूभाऊ म्हणाले, "कंपनीनं दीड इंच दिली व्हती. दोन केली तर हायवेला मजा, पाड्याला सजा. पावणेदोन." ताईनं न सांगता कढई आणून दिली. दुपारपर्यंत वाळू भाजली, नळी वाकली, जोडली गेली. वाघाचं गुरगुरणं गेलं. गाडी नुसती घुमत होती, भरल्या पोटाच्या माणसासारखी.

"चला मासवणला," साडूभाऊ म्हणाले. ताईसुद्धा निघाली. "वजन पायजे ना? मी हाय." ओढ्यापर्यंत उतरून नर्सबाईंनी गाडी वळवली आणि त्याच चढाच्या पायथ्याशी मुद्दाम थांबवली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात घट्ट झालेले मला दिसत होते. पहिला गिअर, मग दुसरा. गाडीत चौघं, मागे साडूभाऊंची अवजारांची पेटी. गाडी एकदाही न अडखळता वर आली. माथ्यावर नर्सबाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरल्या आणि ओल्या डोळ्यांनी साडूभाऊंच्या पाया पडल्या. ते इतके गोंधळले की त्यांनी घाईघाईनं मलाच पुढे केलं : "मास्तरांनी आणलं म्हणून झालं, बाय." त्यानंतर नर्सबाईंनी त्या चढावरून किती जणींना आणलं, ते त्याच जाणोत. मधे कुणाला उतरावं लागलं नाही, एवढं मला ठाऊक आहे. आता माझ्या वर्गात द्रवांच्या वेगाचा धडा आला की मी मुलांना छातीठोकपणे सांगतो, हे मला माझ्या साडूंनी शिकवलं.

परवा घिवलीला गेलो होतो. वसईहून कुणी एक जण गाडी घेऊन आला होता. साडूभाऊ नेहमीसारखे मागे बसले, हात धरला. पण डोळे मिटलेले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. पस्तीस वर्षांच्या वाफेच्या शिट्ट्यांनी उजवा कान पुरता गेलाय आणि डावाही चाललाय, हे ताईनं मला मागच्या दारी हळूच सांगितलं होतं. "हाताला कळतंय," ते म्हणाले, "पण निम्मंच. मास्तर, जरा इकडं येऊन बसा."

मी पँट गुडघ्याशी चिमटीत धरून त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. गिऱ्हाईकानं ॲक्सिलरेटर दाबला.

"कसा हाय आवाज?"

मी डोळे मिटून ऐकलं. मग त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन जरा मोठ्यानं म्हणालो, "दम कोंडलाय."

त्यांनी हातावरची धग एकदा पुन्हा जोखली आणि मान डोलावली.